बाटली मोरीत ओतल्यानंतरचे शहाण्णव तास

कोल्हापुरात दारू सोडायचे मुहूर्त ठरलेले आहेत. श्रावणाचा पहिला दिवस, घटस्थापना, माघातला जोतिबाचा खेटा, आषाढीच्या तोंडावर गळ्यात पडणारी माळ. आई अंबाबाईची ओटी बोलते, बायको देव्हाऱ्यापुढं हात जोडून उभी राहते, उरलेली बाटली मोरीत ओतली जाते. हे सगळं मनापासून होतं. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आणि तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या, कुणालाच न दिसणाऱ्या मुंग्या झटकायला लागतो.

रोज पिणाऱ्या माणसानं एकाएकी दारू तोडली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. दारूनं लिव्हर खराब होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ही दुसरी गोष्ट मात्र शिकल्यासवरल्या घरांतही माहीत नसते. ती माहीत असेल तर हा धोका जवळजवळ पूर्ण टाळता येतो, म्हणून इथं तिच्यावरच सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात हिशेबापासून करू, कारण "किती घेतोस?" याला उत्तर येतं "थोडी". थोडी म्हणजे किती, हे ग्रॅममध्ये काढता येतं. बाटलीतले मिलिलिटर गुणिले लेबलवरची टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले ०.७९. क्वार्टर १८० मिलिलिटरची आणि लेबलवर ४२.८ टक्के असेल, तर तिच्यात सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. नाइन्टीत तीस. साडेसहाशे मिलिलिटरच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये साधारण २६, आणि त्याच मापाच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ४१. "आता फक्त बिअर घेतो, दोनच" म्हणणारा दोन स्ट्राँगमधून ८२ ग्रॅम घेतो, म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम जाळतं. क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते आठ तास, कधी जास्तही. रात्री साडेअकराला संपवलेली क्वार्टर सकाळी शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनपुढं उभं राहताना अंगातून गेलेली असेलच असं नाही. लिंबू, ताक, गार पाण्याची आंघोळ, काळा चहा यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही.

किती पितो यापेक्षा कधी पितो हे जास्त सांगून जातं. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात: कमी करावी असं कधी वाटलं का, कुणी टोकलं की राग येतो का, पिण्याबद्दल मनात खंत आहे का, आणि सकाळी उठल्यावर अंग स्थिर करायला घ्यावी लागते का. दोन उत्तरं "हो" आली तरी तपासणी हवी. शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं तर एवढं धरून चाला, की या माणसाचं शरीर दारूवर चालतंय आणि ती अचानक काढून घेणं धोक्याचं आहे. बोलीत त्या सकाळच्या घोटाला "उतारा" म्हणतात. थरथर थांबते म्हणून ते औषध वाटतं, पण ती थरथर मुळात दारू उतरत असल्याचीच असते.

हे घडतं ते मेंदूत. मेंदूला एक ब्रेक असतो आणि एक ॲक्सिलरेटर. गाबा नावाचं रसायन ब्रेक लावतं, ग्लुटामेट वेग वाढवतं. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते, म्हणून पहिल्या पेगनंतर निवांत वाटतं. पण रोज, वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेलाच राहिला तर मेंदू गाडी चालू ठेवण्यासाठी उलट तयारी करतो. स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून धरतो. त्यामुळं पूर्वी नाइन्टीत चढणारी आता क्वार्टरमध्येही चढत नाही. घरचे म्हणतात, "त्याला पचते." पचत नसते, मेंदूनं तिच्यावर बेतून स्वतःला बदललेलं असतं. आता एका रात्रीत दारू काढून घेतली की ढिला ब्रेक आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर एवढंच मागं राहतं. भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर पन्हाळ्याच्या उतारावर सुटावा, तसं. पुढचं सगळं त्यातून येतं, त्यात मनाच्या कमकुवतपणाचा संबंध नाही.

आता तास मोजू, शेवटच्या घोटापासून.

सहा ते आठ तासांत सुरुवात होते. रात्री दहाला थांबलेला माणूस पहाटे घामानं भिजून जागा होतो. हात थरथरतात, मळमळतं, कोरड्या उलट्या येतात, छाती धडधडते, नाडी शंभरावर जाते, बीपी चढतं. दाराची कडी वाजली तरी दचकतो. "पित्त खवळलंय" म्हणून घरचे कोकम सरबत देतात. ज्यांचं व्यसन फार जुनं नाही त्यांचा त्रास एवढ्यावरच राहतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि चार-पाच दिवसांत ओसरतो.

पहिल्या दोन दिवसांत, बहुतेक वेळा बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान, फिट येऊ शकते. आयुष्यात कधी मिरगी नसलेल्या माणसाला येते. अंग ताठ होतं, मग झटके, तोंडाला फेस, कपड्यात लघवी. अशा वेळी आपल्याकडं नाकाला कांदा लावतात, चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्या कोंबतात, दातांत चमचा घालतात. कांदा आणि किल्ल्यांनी काही होत नाही, फक्त वेळ जातो. चमच्यानं दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. करायचं ते एवढंच: आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, शर्टाचं वरचं बटण सोडा, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नका. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत किंवा एकापाठोपाठ दुसरी फिट आली तर १०८ ला फोन. आणि फिट एकच आली, लगेच थांबली, तरी दवाखान्यात न्यायचंच. त्यानंतर भ्रमाचा टप्पा येण्याची शक्यता वाढलेली असते.

याच काळात काहींना आवाज ऐकू येतात. कुणीतरी आईवरून शिव्या देतंय, मारायचा बेत करतंय. तारीख विचारा, घर विचारा, सगळं बरोबर सांगतो, पण आवाज खरेच वाटतात. भीतीनं धावत सुटतो किंवा स्वतःला इजा करतो, म्हणून एकटं सोडू नये.

सगळ्यात गंभीर टप्पा अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांचा, म्हणजे तिसरा-चौथा दिवस. सोडणाऱ्यांपैकी थोड्यांनाच तो गाठतो, पण गाठला की घरी निभत नाही. इंग्रजीत डिलिरियम ट्रेमेन्स, डॉक्टर तोंडी डीटी म्हणतात. माणूस कुठं आहे, दिवस आहे की रात्र, समोर कोण आहे, काही कळत नाही. अंगावर किडे, मुंग्या, साप दिसतात. चादर चिवडत राहतो. कामाचे हात कामच करत राहतात: इचलकरंजीचा मागवाला हवेत तुटलेला धागा जोडतो, ड्रायव्हर पलंगावर बसून स्टिअरिंग वळवतो, चांदीचा कारागीर फुंकर मारत बसतो. सोबत ताप, घामाच्या धारा, नाडी सव्वाशे-दीडशे. अंगातलं पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरलेलं असतं. अशात हृदयाचा ठेका चुकतो, किंवा उलटी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, आणि माणूस जातो. वेळेवर दवाखान्यात पोचला तर बहुतेक जण वाचतात.

नेमक्या याच टप्प्यावर आपल्याकडं माणसाला देवऋषाकडं नेतात. कारण समजण्यासारखं आहे. भ्रम दिवे लागणीनंतर वाढतो, सकाळी थोडा ओसरतो. कालपर्यंत धड असलेला माणूस अचानक न दिसणाऱ्यांशी बोलतो. "बाहेरचं" वाटायला आणखी काय हवं? अंगारा लावायचाच असेल तर लावा, पण आधी बोटं मोजा. शेवटची कधी प्यायला? दोन ते चार दिवस मागं उत्तर निघालं, तर गाडी देवऋषाकडं न वळवता थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, न्या. पुढच्या अमावास्येची वाट बघायला त्याच्याकडं दिवस नाहीत.

इथं एक इशारा द्यायलाच हवा, कारण उलटी चूकही होते. पिणारा माणूस बरळतोय म्हणजे दारूच उतरतेय असं ठरवून मोकळं होऊ नका. गेल्या आठवड्यात गाडीवरून पडला होता का? मोरीत डोकं आपटलं होतं का? जुन्या पिणाऱ्यांच्या मेंदूवर रक्ताची गाठ हळूहळू साठू शकते आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. साखर घसरणं, मेंदूज्वर, लिव्हर निकामी होऊन येणारी गुंगी, हे सगळं बाहेरून सारखंच दिसतं. एकच बाजू लुळी पडणं, एक बाहुली मोठी दिसणं, मान ताठ होणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

डीटी नेहमी शपथेनंतरच होतं असंही नाही. दारू कशानंही तुटली तरी घड्याळ चालू होतं. मांडीचं हाड मोडून ॲडमिट झालेला, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला, न्यूमोनियानं पडलेला, कोठडीत गेलेला. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि दुकानं एका दिवसात बंद झाली, तेव्हा हेच देशभर झालं. ऑर्थोच्या वॉर्डात तिसऱ्या दिवशी पेशंट सलाइन उपटतो, प्लास्टर घेऊन पलंगावरून उतरतो, आणि नातेवाईक म्हणतात, "भुलीच्या इंजेक्शनानं डोक्यावर परिणाम झाला." पहिल्या दिवशी नर्सनं विचारलेलं असतं, "काही व्यसन?" आणि बायको लाजेनं, किंवा सासऱ्यांसमोर नको म्हणून, "नाही" म्हणालेली असते. वहिनी, ती लाज समजते. पण तो प्रश्न चारित्र्याचा नसतो, औषधाच्या डोसचा असतो. सगळ्यांसमोर सांगता येत नसेल तर कागदावर लिहून सिस्टरच्या हातात द्या. कागदावर चार ओळी पुरतात: रोज काय आणि किती, सकाळी लागते का, शेवटचा घोट कुठल्या दिवशी किती वाजता, आणि पूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का. शिवाय झोपेच्या गोळ्या, बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर त्यांची पाकिटं. विम्याच्या काळजीपोटी लपवणारेही असतात, पण लपवून आयसीयूचं बिल वाढतं, कमी होत नाही.

आता सलाइनबद्दल. अशक्त, उलट्या करणारा माणूस दिसला की घरचे म्हणतात, "एक ग्लुकोजची बाटली लावा, तरतरी येईल." नेमकी हीच बाटली घात करू शकते. बी-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व शरीरात जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम साठतं, दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच. पिणारा माणूस जेवत नाही, जे खातो त्यातलं थायमिन दारूमुळं आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि मूठभर भडंग म्हणजे जेवण नव्हे. साखर जाळायला थायमिन लागतं. रिकाम्या साठ्यावर ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलं थायमिन त्यात संपतं आणि मेंदूचे काही भाग उपाशी पडतात. डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, चाल डगमगते, गोंधळ उडतो. कार्ल व्हेर्निके या डॉक्टरनं हा आजार १८८१ मध्ये मांडला, त्याचंच नाव आजाराला आहे. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, एकटा गोंधळही पुरे. वेळेत शिरेतून थायमिन मिळालं तर माणूस सावरतो, नाही मिळालं तर नवी आठवण धरण्याची ताकद कायमची जाऊ शकते. सकाळी भेटलेला माणूस दुपारी आठवत नाही, आणि मधली जागा तो मनानं रचलेल्या गोष्टींनी भरतो. म्हणून क्रम असा: आधी थायमिनचं इंजेक्शन किंवा निदान दोन्ही एकत्र, ग्लुकोज एकटं नाही. साखर खरोखर घसरलेली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, थायमिन सोबतीला द्यायचं असतं. डॉक्टरांना "बी-१ दिलंत का?" विचारायला संकोच करू नका. मेडिकलमधल्या साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत ते फार थोडं असतं, सोडताना त्याच्या कितीतरी पट लागतं.

सोडवण्याची पद्धत तशी सोपी आहे. जो ब्रेक दारू दाबत होती तोच ब्रेक दाबणारी गोळी द्यायची आणि पाच ते सात दिवसांत ती कमी करत बंद करायची. बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. थरथर, घाम, नाडी, गोंधळ बघून डोस ठरतो आणि रोज बदलतो. म्हणूनच शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ही गोळी आणू नये. कमी पडली तर फिट थांबत नाही, जास्त झाली किंवा वरून दारू प्यायला तर झोपेत श्वास थांबतो. सात दिवसांसाठी दिलेली गोळी "बरं वाटतं" म्हणून सात महिने चालली तर एका व्यसनाच्या जागी दुसरं येऊन बसतं.

सगळ्यांनाच ॲडमिट करावं लागत नाही. पूर्वी फिट आली नसेल, भ्रम झाला नसेल, कावीळ, ताप किंवा डोक्याला मार नसेल, घरात न पिणारं एक माणूस रात्रंदिवस सोबत राहणार असेल आणि डॉक्टर रोज बघणार असतील, तर घरी जमतं. गोळ्या त्या सोबतच्या माणसाकडं ठेवायच्या. खोलीत रात्री मंद दिवा असू दे, काळोखात भ्रम वाढतो. थोडं थोडं पाणी, ताक, पेज, मऊ भात, वरण. आठवडाभर गाडी, विहीर, मोटर, गच्ची यांपासून लांब. यातली एकही अट बसत नसेल तर ॲडमिट. आणि डॉक्टर गाठायला दोन दिवस लागणार असतील तर तोवर एकदम शून्यावर आणू नका, नेहमीपेक्षा थोडी कमी करत राहा. हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो, शपथ मोडल्यासारखं वाटतं. शपथ डॉक्टरांच्या देखरेखीत दुसऱ्या दिवशीही घेता येते.

शपथ घ्या, मोडा, पुन्हा घ्या, या चक्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक वेळी औषधाविना सोडताना मेंदू जास्त भडक होत जातो. पहिल्या श्रावणात फक्त हात थरथरले, तिसऱ्या श्रावणात फिट आली, पाचव्यात भ्रम. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" हा म्हणूनच आधार होऊ शकत नाही.

लिव्हरबद्दल थोडक्यात, पण चुका बऱ्याच होतात म्हणून मुद्द्याचं. पहिला टप्पा चरबीचा, त्यात काहीही दुखत नाही. पूर्ण सोडली तर चार-सहा आठवड्यांत चरबी बरीच उतरते. दुसरा टप्पा सूज, म्हणजे अल्कोहोलिक हेपटायटिस: कावीळ, ताप, उजव्या कुशीत दुखणं. तिसरा सिरॉसिस, लिव्हर गाठाळ आणि कडक होतं. लिव्हरच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल आणि जीजीटी वाढलेलं असेल तर दारूकडं बोट जातं. पण "एसजीपीटी नॉर्मल आलंय" म्हणून पेढे वाटू नका. सिरॉसिस पूर्ण झालेल्या लिव्हरमध्येही ते नॉर्मल येऊ शकतं. लिव्हरमध्ये किती ताकद उरली आहे हे अल्ब्युमिन, बिलिरुबिन, पीटी-आयएनआर आणि प्लेटलेट या रक्ताच्या तपासण्या सांगतात.

कावीळ झाली की आपल्याकडं गावठी औषध, उसाचा रस आणि बिनतेलाचा भात सुरू होतो, डाळ-अंडी बंद. दारूच्या कावीळीत हे घातक आहे. या माणसाचे स्नायू आधीच झिजलेले असतात, त्याला प्रथिनं जास्त लागतात: वजनाच्या प्रत्येक किलोमागं रोज सव्वा ते दीड ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम. अंडी, दूध, दही, डाळी, मूग, चिकन, जे चालतं ते, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊनच, कारण रिकाम्या रात्रीत शरीर स्वतःचे स्नायू खातं. पोटात पाणी झालं असेल तर दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण बंद आणि खर्डा बिनमिठाचा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, किडनी जाते. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, दिवसा झोप आणि रात्री जाग अशी उलटापालट, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

बाकीच्या अवयवांचं एवढंच सांगतो. बेंबीच्या वर असह्य दुखून कळ पाठीत गेली आणि पुढं वाकल्यावरच थोडं बरं वाटलं, तर ते ॲसिडिटी नसून स्वादुपिंडाची सूज असू शकते. तळपायांची आग आणि बधिरपणा नसांचा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा रिकाम्या पोटी प्यायला तर रात्री साखर घसरते, घरचे "चढलीय, झोपू दे" म्हणतात आणि तो बेशुद्धीत जातो. अशा वेळी ग्लुकोमीटरनं साखर बघा. आणि मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं दारूला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या बाबतीत तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. संध्याकाळी क्वार्टर आणि दिवसभर गालात मावा, ही जोडी आपल्या जिल्ह्यात गल्लीगल्लीत दिसते. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा पांढरा चट्टा दिसला तर तपासून घ्या.

शहाण्णव तास पार पडले म्हणजे विष उतरलं. ओढ महिनोन् महिने राहते, आणि तिच्यावरही औषधं आहेत, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. नालट्रेक्झोन पन्नास मिलिग्रॅमची रोज एक गोळी पिण्यातली मजा कमी करते, पण ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर चालत नाही. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीन वेळा घ्यायचं, लिव्हरला त्रास नाही, किडनी मात्र तपासावी लागते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निघालेलं चित्र असं, की दारूचं अवलंबित्व असलेल्या अडतीस जणांमागं एकालाच कसलीतरी मदत मिळते. बाकी सदतीस शपथेवर सोडलेले.

तिसरं औषध डायसल्फिराम, आणि त्याबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठतं: चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, धडधड, बीपी कोसळतं. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही होतो. हे माहीत असलेल्या, तयार असलेल्या माणसाला, तपासण्या करून, दारू बंद होऊन निदान एक दिवस गेल्यावर दिलं तर उपयोगी आहे. पण "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातीतली पुडी भाजीत कालवून देणं म्हणजे घरच्या माणसावर विषप्रयोग आहे. पुडीत काय आहे हे लिहिलेलं नसतं, आणि डायसल्फिराम असेल तर त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. त्याला माहीतच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा पितो. आई, वहिनी, कितीही पिचलेल्या असाल तरी हे करू नका.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना भिंतीवरचे सुविचार बघू नका, तीन प्रश्न विचारा. पहिल्या आठवड्यात रोज डॉक्टर बघतात का आणि रात्री फिट आली तर काय करता? मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत? भेटायला, फोन करायला कधी मिळतं? "महिनाभर भेटायचं नाही, आम्ही बघतो" असं उत्तर आलं तर उठून या. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं हे उपचार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजार येतात आणि साखळीनं बांधायला त्यात स्पष्ट मनाई आहे. कोल्हापुरात सीपीआरला मानसोपचार विभाग आहे, तिथल्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. जीव द्यावासा वाटतो असं तो बोलला तर ते दारूचं बोलणं समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी फोन करा.

पहिले काही आठवडे झोप तुटक राहते, स्वप्नं घाण पडतात, चिडचिड होते. "आधी प्यायचा तेव्हा बरा होता" असं घरच्यांच्या तोंडून निघतं. मेंदूचा ब्रेक परत घट्ट व्हायला एवढा वेळ लागतोच. चार आठवड्यांनंतरही उदासी तशीच असेल तर तिच्यावर वेगळा उपचार लागतो.

आणि मध्येच पुन्हा प्यायला तर? मोठा काळ कोरडा गेला असेल तर शरीराची सवय मोडलेली असते, जुन्या हिशेबानं घेतलेली क्वार्टर आता श्वास दाबू शकते, म्हणून त्या रात्री कुशीवर झोपवून कुणीतरी जागं राहायचं. एकाच दिवसाचं असेल तर दुसऱ्या दिवशी औषधं डॉक्टरांना विचारून पुढं चालू ठेवायची. सलग काही दिवस प्यायला असेल तर मात्र रागानं पुन्हा बाटली मोरीत ओतू नका. तो चार ओळींचा कागद काढा, शेवटच्या घोटाची वेळ नव्यानं लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा.